स्प्रिंग लीगमधली पहिली नोकरी: हो म्हणण्याआधी काय बघाल

अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला आलेली आपली मुलं हमखास विचारतात, ‘एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, दार उघडत नाहीये, मग वसंतात खेळणाऱ्या एखाद्या छोट्या स्प्रिंग लीगमध्ये नोकरी धरू का?’ मी ‘धरा’ असंच सांगतो. फक्त ती लीग किती तग धरेल याचा अंदाज आधी स्वतः बांधा. मी अशाच एका संघाच्या व्हिडिओ विभागात होतो. तो संघ आता नाही, पण तिथे शिकलेल्या कामावरच माझं पुढचं सगळं उभं राहिलं.

या लीगना खेळाडू कधीच कमी पडत नाहीत. ऑगस्टअखेर एनएफएलचा प्रत्येक संघ ९० जणांमधून ५३ निवडतो, आणखी काहींना सराव पथकात ठेवतो आणि बाकीचे घरी जातात. कमी पडतो तो पैसा. बेसबॉलमध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचे पगार मोठे क्लब देतात. एनएफएलला त्याची गरज भासत नाही, कारण कॉलेज फुटबॉल तिच्यासाठी खेळाडू फुकट घडवून देतं. तिने युरोपात स्वतःची लीग चालवून पाहिली. कर्ट वॉर्नर हा खेळाडू १९९८ मध्ये तिथे ॲमस्टरडॅमकडून खेळला आणि १९९९ च्या हंगामात त्याने एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल हा अंतिम सामना जिंकून दिला. तरीही २००७ मध्ये ती लीग गुंडाळली गेली. तेव्हा कुणी ‘आम्ही डेव्हलपमेंटल, म्हणजे खेळाडू घडवणारी, लीग आहोत’ म्हटलं, तरी मागे एनएफएलचा खिसा आहे असं धरून चालू नका.

मी नव्या लोकांना सगळ्यात आधी एएएफचा, म्हणजे अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल या स्प्रिंग लीगचा, अभ्यास करायला सांगतो. ९ फेब्रुवारी २०१९ ला ती सुरू झाली, पहिल्या रात्री टीव्हीवर प्रेक्षकही चांगले मिळाले. मग टॉम डंडन या उद्योगपतीने २५ कोटी डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. २ एप्रिलला, आठ आठवड्यांचे सामने झाल्यावर, कामकाज थांबलं आणि त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज गेला. तेव्हा फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा संघ आठपैकी सात सामने जिंकून पहिला होता. त्याच संघाची एक गोष्ट बघा. फ्लोरिडाच्या कायद्यात व्यावसायिक खेळाडू कामगार भरपाईच्या विम्यात बसत नाहीत. फुटबॉलमध्ये गुडघे-खांदे दर आठवड्याला निखळतात, त्यामुळे हा विमा नसेल तर संघ चालवणंच अवघड. शेवटी सरावासाठी संघाला राज्याची हद्द ओलांडून जॉर्जियात किंग्जलंडला जावं लागलं. मैदानावर अव्वल असलेल्या संघाची ही अवस्था! म्हणून मी गुणतक्ता नंतर बघतो. विम्याचं काय आणि पगार कुणाच्या खात्यातून येतो, हे आधी विचारतो.

यातल्या बऱ्याच लीग ‘सिंगल एंटिटी’ असतात. कागदोपत्री तुमचा मालक संघ नसून लीग असते. ती बुडाली की शेजारच्या शहरातल्या संघात जागा शोधायची सोयही राहत नाही.

हंगाम वसंतातच का, हेही समजून घ्या. शरद ऋतूत शुक्रवारी शाळा, शनिवारी कॉलेज, रविवारी एनएफएल. मोकळा दिवस मिळणं कठीण. १९८३ मध्ये सुरू झालेल्या यूएसएफएल या स्प्रिंग लीगने शरदात जायचं ठरवलं आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. १९८६ मध्ये ज्युरीने एनएफएलला दोषी ठरवलं, पण भरपाई दिली एक डॉलर, कायद्याने तिप्पट होऊन तीन. लीग पुन्हा मैदानात उतरलीच नाही. कुठल्याही नव्या लीगचे मालक शरदाची भाषा करू लागले, की मी दुसरीकडे अर्ज सुरू करायला सांगतो.

त्या मानाने २०२४ मध्ये एक्सएफएल आणि जुन्याच नावाने आलेली नवी यूएसएफएल या दोन स्प्रिंग लीग एकत्र होऊन झालेल्या यूएफएलची, म्हणजे युनायटेड फुटबॉल लीगची, बांधणी मला जास्त शहाणपणाची वाटते. फॉक्स वाहिनी स्वतः मालकांपैकी एक असल्याने सामने दाखवण्यात तिचा स्वार्थ आहे. संघ आठवडाभर टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला सराव करायचे आणि सामन्यापुरते आपापल्या शहरात जायचे. खर्च वाचतो, पण खेळाडू शहरात राहतच नसल्याने लोकांना संघ आपला वाटायला वेळ लागतो. तिकीट विक्रीत काम करणाऱ्याला हे फार जड जातं. टीव्हीसाठी सगळे सामनेच एका ठिकाणी खेळवण्याचा प्रयोग आपल्याकडच्या एका लीगनेही केला होता. २०१२ मध्ये पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ असलेली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया कोलंबोत खेळवली गेली होती.

व्हिसाचं गणित मात्र मनावर घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या कामाची परवानगी, वापरत असाल तर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. स्प्रिंग लीगचा हंगाम जूनमध्ये संपतो आणि बरेच करार तिथेच संपतात. करारावर सही करण्याआधीच कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन बसा.

एवढं असूनही मी ‘धरा’ का म्हणतो? कारण या लीगचा खरा माल म्हणजे फिल्म, सामन्याचं चित्रीकरण. प्रत्येक डाव (प्ले) साइडलाइन म्हणजे मैदानाची बाजू आणि एंडझोन म्हणजे मैदानाचं टोक अशा दोन कोनांतून, डाउन (कितवा प्रयत्न), उरलेलं अंतर आणि फॉर्मेशनच्या (खेळाडूंच्या मांडणीच्या) नोंदीसकट कापायचा, आणि परतीच्या प्रवासात कोचच्या टॅबवर तो हजर हवा. मोठ्या संघात हे काम नवख्याच्या हाती कुणी देत नाही. हंगाम संपताना आपापली फिल्म घ्यायला खेळाडू व्हिडिओ रूमच्या दारात रांग लावायचे. गार्डच्या जागी खेळणारा एक खेळाडू मला म्हणाला होता, ‘मी आपटलो तो डावही ठेव. त्यानंतरचा डाव मी कसा खेळलो, ते खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला बघायचं असतं.’ सॉफ्टवेअर इंजिनिअर असलेला ब्रँडन ऑब्री नव्या यूएसएफएलच्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून किक मारत होता. तिथूनच २०२३ मध्ये एनएफएलच्या डॅलस काउबॉइजने त्याला घेतलं.

अर्ज शरदात, म्हणजे हंगामाच्या बरेच महिने आधी करा. सोबत तुमच्या कॉलेजच्या एका पूर्ण सामन्याची स्वतः कापलेली, नोंदी केलेली फिल्म जोडा. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: करार कुणाशी आहे, हंगामानंतर पगार किती दिवस चालू राहतो आणि आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे. उत्तरं ईमेलवर मागून घ्या.