टॅबवर ई-लर्निंगचा धडा अडकायलाय? आधी नेमकं काय अडकायलंय ते बघा

टॅबवर धडा अडकला की पहिला दोष नेटला, मग रिचार्ज वाढवा, सिम बदला, टॅब घेऊन गच्चीवर जा. पण आपल्याकडं खेड्यापाड्यात लेकरांच्या हातात जे दोन जीबी रॅमचे टॅब आहेत त्यांच्यात पुष्कळदा नेटचा काही संबंधच नसतो. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा.

जोड्या लावायचा खेळ उघडा, आंब्याचं चित्र बोटानं ओढून चौकटीत न्यायचं असतंय ना, तसला. बोट पुढं गेलं अन् आंबा मागून मागून यायलाय, तर टॅब दमलाय. आंबा बोटासंगं बरोबर सरकतोय पण 'पुढे' दाबल्यावर गोल चक्र फिरत बसतंय, तर बहुतेक नेट. अन् सुरुवातीला झकास चालून पंधरा-वीस मिनिटांनी जड पडायलंय, तर टॅब तापलाय.

तापण्याचं आपल्याकडं लई मनावर घ्यायला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडला पारा 42 च्या वर जातो, त्यात पत्र्याची खोली, टॅबला जाड कव्हर, वरून चार्जिंग चालू. एवढं तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो, मग तुम्ही कितीही ॲप बंद करा, फरक पडत नाही. कव्हर काढा, चार्जर काढा, ब्राइटनेस उतरवा, टॅब फॅनखाली ठेवा. फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका, आत ओल धरून टॅब कायमचा जाईल. उन्हाळ्यात असे धडे सकाळच्या शाळेतच उरकलेले बरे. आणि हो, बॅटरी सेव्हर चालू असला तरी टॅब मुद्दाम हळू चालतो, तोही बघून घ्या.

टॅबच दमला असेल तर स्टोरेज उघडा. 16 जीबीच्या टॅबमध्ये व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, गेम भरलेले असतात, दोन-तीन जीबी तरी मोकळी पाहिजे. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद करा. मग प्ले स्टोअरवर जाऊन क्रोम आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू हे दोन्ही अपडेट करा, दुसऱ्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलंच नसतं पण ॲपच्या आतमध्ये जे वेबपान उघडतं ते त्याच्यावर चालतं. कॅशे, म्हणजे ॲपनं साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, खुशाल क्लिअर करा, पण 'क्लिअर डेटा' दाबताना थांबा, लॉगिन तर जाईलच पण डाउनलोड केलेले धडेही जाऊ शकतात.

आता नेट. यूट्यूब चालतंय मग कोर्स का नाही, असं पालक विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, पण इंटरॲक्टिव्ह कोर्स घडोघडी उत्तर आणि मार्क सर्व्हरला पाठवत असतो, काही कोर्स तर तिकडून होकार आल्याशिवाय पुढचं पान उघडत नाहीत. म्हणून इथं स्पीडपेक्षा रेंज स्थिर असणं महत्त्वाचं. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमधला बँड भिंतीपलीकडं वापरायचं असेल तर 2.4 गिगाहर्ट्झ ठेवा, एकाच खोलीत असाल तर 5. एका फोनवर वर्गातले सगळे टॅब जोडू नका, त्यापेक्षा जिथं रेंज चांगली तिथं धडे आधी उतरवून घ्या. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधले बरेच धडे डाउनलोड होतात, मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) च्या ॲपमध्येही एच5पी आणि स्कॉर्म 1.2 या पद्धतीनं बांधलेले धडे शिक्षकानं परवानगी दिली असेल तर ऑफलाइन चालतात. जुन्या सीडीवरचे फ्लॅशचे (ॲनिमेशन चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) धडे असतील तर त्यांच्यामागं वेळ घालवू नका, ॲडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलंय.

शेवटचं, जे गुरुजी-मॅडम स्वतः धडे बनवतात त्यांच्यासाठी, आणि मला तर वाटतं निम्मा त्रास इथंच मिटतो. मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो, पण स्क्रीनवर पूर्ण उघडला की मेमरीत तो जवळपास 48 एमबी जागा खातो, कारण एकेका पिक्सेलला चार बाइट लागतात. एका पानावर असे सहा फोटो टाकले की दोन जीबी रॅमचा टॅब काय करणार? तोच फोटो 1280 पिक्सेल रुंदीचा केला तर मेमरीत पाच एमबीच्या आत बसतो आणि लेकरांना दिसायला काही फरक पडत नाही. व्हिडिओ 480पी पुरतो. नुसता आवाज असेल तर मोनो (एकाच चॅनेलचा) ठेवा. धडा चढवल्यावर आपल्या चांगल्या फोनवर बघून समाधान मानू नका, शाळेतला सगळ्यात जुना टॅब मागून घ्या, त्याच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा, मगच ग्रुपवर लिंक टाका.