ध्रुवीय प्रदेशांच्या जुन्या हवामान नोंदी कशा मिळवाव्यात आणि कशा तपासाव्यात

आधी काळ ठरवा, मग नोंदी शोधा. अंटार्क्टिक परिसरातली सर्वांत लांब सलग नोंद साउथ ऑर्कनी बेटांवरच्या ओर्काडास केंद्राची, १९०३ पासूनची. खंडाच्या आतल्या भागात मात्र कायमची केंद्रे आली ती १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात. अमुंडसेन-स्कॉट (दक्षिण ध्रुवावरचे) आणि वोस्तोक ही केंद्रे तेव्हाचीच. त्यामुळे १९३० साली दक्षिण ध्रुवावर किती थंडी होती, याचा मोजलेला आकडा कुठेच सापडणार नाही. ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर नियमित नोंदी १८७०च्या दशकापासून मिळतात.

प्रत्यक्ष मोजमाप. अंटार्क्टिकासाठी सुरुवात ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या ‘रीडर’ संग्रहापासून करा. तिथे केंद्रनिहाय मासिक सरासरी आहेत. ग्रीनलँडसाठी डेन्मार्कची आणि स्वालबार्डसाठी (नॉर्वेचा उत्तर ध्रुवीय द्वीपसमूह) नॉर्वेची हवामान संस्था. रोजचे आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामान संस्थेचा जीएचसीएन-डेली संग्रह घ्या. त्याच्या मूळ फायलीत तापमान अंशाच्या दहाव्या भागात असते: −३४५ म्हणजे उणे ३४.५ अंश सेल्सिअस. −९९९९ म्हणजे नोंदच नाही. सरासरी काढण्याआधी हे आकडे गाळा.

केंद्राचा इतिहास वाचा. बहुतेक चुका इथे होतात, आणि हीच पायरी लोक टाळतात. ब्रिटनचे फॅरेडे केंद्र १९९६मध्ये युक्रेनकडे गेले आणि त्याचे नाव व्हर्नाड्स्की झाले. एकाच नावाने शोधलेत तर अर्धीच मालिका हाती येईल. स्वालबार्ड विमानतळाची मालिका १८९८पासून दिसते, पण विमानतळावरचे मोजमाप १९७५चे. त्याआधीचा भाग आसपासच्या ठिकाणांच्या नोंदी जुळवून तयार केलेला आहे. स्वयंचलित केंद्रांबाबत तर आणखी सावध राहा. बर्फ साचत जातो तशी तापमापकाची जमिनीपासूनची उंची घटते, कधी तो गाडलाही जातो. उन्हाळ्यात वारा पडला की संरक्षक आवरण उन्हाने तापते आणि तापमान काही अंशांनी जास्त दिसते. म्हणून वाऱ्याचा रकाना नेहमी सोबत उतरवून घ्या.

समुद्रावरचा बर्फ. अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्राचा ‘सी आइस इंडेक्स’ नोव्हेंबर १९७८पासून आहे. सुरुवातीची मोजणी दिवसाआड होती, आणि डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८मध्ये सुमारे सहा आठवडे नोंदच नाही. ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’ यांची गल्लत करू नका. उपग्रहाच्या नकाशाच्या ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती विस्तारात पूर्ण धरली जाते, क्षेत्रफळात बर्फ असेल तेवढीच. उत्तर ध्रुवाभोवतीचा काही भाग उपग्रहाला दिसत नाही. विस्तार काढताना तो बर्फाने भरलेला मानतात, क्षेत्रफळात तो धरतच नाहीत. १९८७मध्ये उपग्रह बदलला, हे भोक लहान झाले आणि क्षेत्रफळाच्या आलेखात उडी आली. ती खरी वाढ नव्हे. दीर्घकालीन कल पाहायला विस्तारच वापरा.

केंद्रे नाहीत तिथे रीअ‍ॅनालिसिस. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा ‘ईआरए५’ १९४०पासून तासागणिक आकडे देतो. नोंदणी मोफत आहे. तापमान केल्विनमध्ये येते, २७३.१५ वजा करा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. रीअ‍ॅनालिसिसचे हे आकडे हवामानाचे संगणकीय प्रतिमान आणि निरीक्षणे यांच्या मिलाफातून येतात. १९७९च्या आधी उपग्रहांची माहिती तुटपुंजी असल्याने अंटार्क्टिकावरचे जुने कल यावरून काढू नका. प्रदेशाची सरासरी काढताना प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्या: पाव अंशाची चौकट विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर रुंद, तर ८० अंशांवर जेमतेम ५. वजन दिले नाही तर सरासरी ध्रुवाकडे झुकते.

त्याही मागे जायचे तर हिमगाभे, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले, जुन्या हवामानाच्या खुणा जपणारे बर्फाचे दंडगोल. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथला गाभा ८ लाख वर्षे मागे नेतो. आकडे ‘नोआ’च्या पुराहवामान संग्रहात आणि ‘पँजिया’ या संशोधन-माहितीच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे ‘आजपासून इतकी वर्षे आधी’ म्हणताना ‘आज’ म्हणजे सहसा १९५०. काही मालिका २००० धरतात. फायलीच्या माथ्यावरची टीप पाहूनच वर्षे जुळवा, आणि उतरवल्याची तारीख व आवृत्ती क्रमांक त्याच फायलीच्या नावात लिहून ठेवा.