जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं की नाही, हे ठरवायचं कसं

ट्रॅक्टर धूर टाकतोय, ऑइल खातोय, लोडला दबतोय असं कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, इंजिन गेलं, खोला. जरा थांबा. पाना लावायच्या आधी दोन गोष्टी कळायला पाहिजेत, इंजिन खरंच झिजलंय का, आणि झिजलं असलं तरी बाकीचा ट्रॅक्टर इंजिन बांधायच्या, म्हणजे खोलून झिजलेले पार्ट बदलायच्या, खर्चाच्या लायकीचा राहिलाय का. ही दुसरी गोष्ट कुणी बघतच नाही, मी मात्र सुरुवात तिथूनच करतो.

म्हणजे असं बघा, गिअर लोडवर निसटतोय का, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) नीट पकडतोय का, मागच्या एक्सलमधून घरघर येते का, लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद केलं तर ते लगेच खाली येऊन बसतं का हळूहळू उतरतं. स्टेअरिंग, ब्रेक, टायर हे पण धरा. कमजोर इंजिनामागे गिअरबॉक्सची दुखणी लपून राहतात, कारण त्याच्यावर पूर्ण ताकद कधी आलेलीच नसते, आणि इंजिन नवं झालं की पहिल्याच नांगरटीत ती बाहेर पडतात. दुसरं म्हणजे पार्ट मिळतात का ते आधीच विचारून घ्या, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि पिस्टनचा सेट, मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग अंडरसाइजमध्ये, म्हणजे घासून बारीक केलेल्या क्रँकला (पिस्टन जिला फिरवतात त्या मुख्य दांड्याला) बसतील असे, हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग. इंजिन टेबलावर उघडं पडल्यावर पार्ट शोधत फिरणं म्हणजे ट्रॅक्टर भंगारात गेल्यासारखंच.

आता इंजिन. आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर क्लीनर तुंबलेला असेल, डिझेल फवारणारा नोझल टपकत असेल, पंपाचं टायमिंग हललं असेल, यात रिंगांचा (पिस्टनवरच्या कड्यांचा) दोष असेलच असं नाही. ताकद कमी असेल तर डिझेल फिल्टर, फीड पंप, आणि हो, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक पण बघा, ते बुजलं की ट्रॅक्टर थोडा वेळ नीट चालतो आणि मग दम तोडतो. सकाळी चालू होत नाही म्हणून पण इंजिन खोललेले लोक आहेत! डिझेलमध्ये स्पार्क नसतो, हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळे बॅटरी उतरलेली, केबल गंजलेली आणि स्टार्टर रेंगाळत फिरतोय तर चांगलं इंजिनसुद्धा मेल्यासारखं वागतं. ओढून चालू झाला म्हणून इंजिन ठीक असंही समजू नका, झिजलेलं इंजिनही जोरात फिरवलं की पकडतं.

ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा किंवा रोटरी पंपाचं सील बघा, डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं आणि मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेले. लवकर सापडलं तर सील आणि ऑइल बदलून भागतं. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी जातंय, म्हणजे हेडचं पॅकिंग, हेडला तडा, ऑइल कूलर, नाहीतर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा.

खूप दिवस उभा राहिलेला किंवा नुसता हलक्या कामावर चाललेला ट्रॅक्टर असेल तर रिंगा चिकटलेल्या असतात नाहीतर लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. ऑइल बदला आणि पाणी-प्रेशर ठीक असेल तर चांगला काही तास जड कामाला लावा. कधीकधी निळा धूर (ऑइल जळल्याचा) एवढ्यावरच कमी होतो, नाही झाला तर पुढे जा.

खरी झीज बघायची तर इंजिन गरम करून ब्रीदरकडे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीकडे) बघा. थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनात असते, पण लोडवर ब्रीदरमधून भकाभक धूर आणि ऑइलचे थेंब येत असतील तर दाबलेली हवा रिंगांवरून खाली जातेय. निळा धूर फक्त चालू करताना येऊन जात असेल तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या, कायम येत असेल तर रिंगांवर. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं. गेज डिझेलचंच पाहिजे, पेट्रोलचं नाही, नोझल सगळे काढून, डिझेल बंद करून, बॅटरी पूर्ण चार्ज. बऱ्याच डिझेल इंजिनांत ३५० ते ४५० पीएसआयच्या आसपास येतं, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि त्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक बघा. एकच कमी असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह, शेजारचे दोन कमी असतील तर मधलं पॅकिंग, सगळेच सारखे खाली आले असतील तर बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि रिंगा. नोझलच्या भोकातून ऑइल ओतून परत टेस्ट करायची पद्धत पेट्रोलवाल्यांची, डिझेलमध्ये वर जागाच इतकी कमी असते की जास्त ऑइल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा पिस्टन वर आणून, व्हॉल्व्ह बंद असताना कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा, सायलेन्सरमध्ये फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमध्ये म्हणजे इनलेट, ब्रीदरमध्ये म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे पॅकिंग किंवा तडा. हवा सोडल्यावर इंजिन झटक्यात फिरू शकतं, हात आणि पाने लांब ठेवा.

खालचा भाग ऑइल प्रेशरवरून कळतो. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, वेगळं गेज लावा आणि ऑइल पूर्ण गरम झाल्यावर बघा. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हा ढोबळ हिशोब, मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच खरा. इंजिन बंद ठेवून एकानं क्लच दाबायचा आणि दुसऱ्यानं पुढची पुली बघायची, पुली डोळ्याला दिसेल एवढी पुढे सरकली तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) संपलेत. जुना ऑइल फिल्टर कापून कागद उघडा, चकाकणारा चुरा असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल तर तो बहुतेक बेअरिंगचा.

हे सगळं झाल्यावर दोष वरच्या बाजूला दिसला तर फक्त हेड काढा. लायनरच्या वरच्या टोकाला नखाला अडेल अशी कडा झाली असेल तर झीज चांगलीच आहे. मोजायला बोअर गेज नसेल तर एक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट वर, कडेच्या जरा खाली, आणि मग एकदम तळाला मोजा, दोन्हीतला फरक ३.१४ ने भागला की व्यासातली झीज निघते. फट ०.६० मिमीने जास्त भरली तर झीज जवळपास ०.१९ मिमी. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून देणारे मिस्त्री भेटतात, ऐकू नका, थोड्या दिवसांत परत तोच धूर.

वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारे) असतील तर नशीबवान आहात, लायनर उपटून नवे बसतात, फक्त ब्लॉकमध्ये खालच्या रबराची जागा गंजलेली नाही ना ते बघा. लायनरच नसलेला ब्लॉक असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा स्लीव्ह, म्हणजे इंजिन पूर्ण उतरवणं आलं. हाफ इंजिन (क्रँक न काढता वरचं काम) की फुल, याचा निकाल क्रँक देते. प्रेशर चांगलं आणि जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापात असतील तर हाफ करायला माझी ना नाही. क्रँकला ग्राइंडिंग लागत असेल तर साइज साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी अशा जातात, आधीच शेवटच्या साइजला असेल तर नवी क्रँक आणि सगळा हिशोबच बदलतो. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये इंजिन हाच सांगाडा असतो, पुढचा एक्सल त्यालाच टांगलेला, त्यामुळे इंजिन उतरवायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडायचा, दोन्ही बाजूंना भक्कम टेकू पाहिजेत, नुसत्या जॅकवर नाही. फोडलाच तर क्लच आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी उरकून घ्या.

पैशाचं गणित असं मांडा. आत्ता आहे तसा विकला तर किती येतील, बांधून झाल्यावर किंमत किती होईल, आणि मधल्या फरकापेक्षा खर्च किती जास्त आहे. जास्तच असतो, पण तेवढ्यात दुसरा जुना ट्रॅक्टर घेतला तर त्याचं इंजिन आतून कसं आहे हे कुणाला माहीत? बाकीचा ट्रॅक्टर धडधाकट असेल तर मी बांधायच्या बाजूचा. गिअरबॉक्स, लिफ्ट आणि इंजिन तिन्ही दुखत असतील तर आहे तसा विकून मोकळं व्हावं. आणि थांबायची जागा आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रँक बाद निघाली तर काम तिथेच बंद. म्हणून ब्लॉक, हेड आणि क्रँक धुऊन, मोजून, तडे तपासून येईपर्यंत बेअरिंग आणि पिस्टन विकत आणू नका, साइज कुठली लागेल ते त्याशिवाय कळत नाही आणि उघडलेला सेट दुकानदार परत घेत नाही.