उन्हाळ्यातील शेततळे : शेवाळाची उजेडाची ओढ ओळखून पाण्याचा उपसा करा

ऊन वाढले, वारा पडला आणि तळ्याचे पाणी तापू लागले की साठवलेले पाणी पाहता पाहता हिरवे होते, आणि ठिबक संचाची गाळणी वारंवार तुंबू लागते. अशा वेळी गाळणी धुणे किंवा पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणे हेच उपाय चटकन सुचतात. त्याआधी शेवाळ कोणत्या वेळी पाण्यात किती खोलीवर असते हे पाहावे, कारण पुष्कळ जातींचे शेवाळ उजेड ओळखून आपली जागा बदलत असते.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शेवाळ आकाराने मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असते. त्याला पोहण्यासाठी दोन कशाभिका (चाबकासारखे हलणारे बारीक धागे) आणि पेशीच्या कडेला एक नारिंगी ठिपका असतो. पोहताना पेशी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे या ठिपक्याशी असलेल्या प्रकाशग्राही प्रथिनांवर आळीपाळीने उजेड आणि सावली पडते, आणि त्यावरून उजेडाची दिशा पेशीला कळते. चॅनलरोडॉप्सिन नावाच्या या प्रथिनांची ओळख 2002 साली पटली. उजेड पडताच ती उघडतात, धनभारित आयन पेशीत शिरतात आणि कशाभिकांची हालचाल बदलून पेशी वळते. उजेड मध्यम असेल तर ती त्याच्याकडे जाते, प्रखर असेल तर त्याच्यापासून दूर पळते.

नील-हरित शेवाळाची रीत वेगळी आहे, आणि जनावरे पाळणाऱ्यांनी ती अधिक काळजीपूर्वक समजून घ्यावी. मायक्रोसिस्टिससारख्या जातींना कशाभिका नसतात, पण पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. दिवसा उजेडात तयार झालेली शर्करा साठून पेशी जड होतात व खाली बसतात. रात्री ती शर्करा खर्च झाली की हलक्या होऊन वर येतात. म्हणूनच वारा नसलेल्या रात्रीनंतर सकाळी पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसतो. यातील काही जाती यकृताला घातक असे विष तयार करतात, तेव्हा तवंग असलेले पाणी जनावरांना मुळीच पाजू नये.

आपल्या तळ्यात काय आहे, हे घरच्या घरी ढोबळमानाने कळू शकते. काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी भरून तिला काळा कागद गुंडाळावा, एका बाजूला बोटभर जागा उघडी ठेवावी आणि बरणी खिडकीतल्या मंद उजेडात ठेवावी. तासाभराने कागद काढल्यावर उघड्या जागेशी हिरवा डाग जमलेला दिसला, तर ते पोहणारे शेवाळ होय. दुसरी बरणी न हलवता रात्रभर ठेवावी. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर नील-हरित शेवाळाची शंका घ्यावी.

पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागापासून किमान दोन फूट खाली राहील असा सोडावा, मात्र तो तळाच्या गाळात जाऊ देऊ नये. वाऱ्याने तवंग ज्या काठाला लोटला जातो, त्याच्या समोरच्या काठाकडून पाणी उचलावे. तवंग असेल तर पहाटेचा उपसा टाळावा. दुपारी मात्र शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरून टाकते व पाण्याचा सामू (pH) 9 च्याही वर जाऊ शकतो; अशा पाण्यात मॅलॅथिऑनसारखी कीटकनाशके लवकर निकामी होतात, म्हणून फवारणीचे पाणी सामू तपासूनच घ्यावे.

पाण्यात शिरणारा उजेड तोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. लहान टाक्यांवर काळे आच्छादन घालावे आणि उघड्यावरचे पाइप पारदर्शक न घेता काळेच घ्यावेत. मोरचूदाची घाई करू नये : सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात, आणि नील-हरित शेवाळाच्या फुटलेल्या पेशींतील विष पाण्यात मिसळते.