ठाण्याच्या उपवन तलावावर प्रतिबिंबाचा फोटो टिपताना

सकाळीच जा. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला, त्यामुळे कोवळं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. वाराही बहुधा पडलेला असतो. संध्याकाळी तीच झाडी काळी ठिक्कर.

मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्यालगत येते. (पट्टा मनगटात अडकवा, बरं का!) नजर जितकी तिरपी, तितका पाण्यावरून जास्त प्रकाश परावर्तित होतो आणि प्रतिबिंब ठसठशीत उमटतं. फोकस तरंगत्या पानावर नको, प्रतिबिंबातल्या डोंगरावर. आकाश पांढरं फटक पडलं तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) जरा उतरवा.

कॅमेऱ्याला पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर आधी फिरवून बघा. तो चकाकीसोबत प्रतिबिंबही पुसतो. मी एकदा अख्खी सकाळ तो लावून नुसता तळाचा गाळ टिपला होता.