कुठल्याही बेडकाची प्रजननाची पद्धत कशी समजून घ्यायची: तीन प्रश्न आणि एक वंशवृक्ष

बेडकांच्या प्रजननावर वाचायला बसलं की आधी गोंधळच उडतो, एक जात पाठीवर अंडी वाढवते, दुसरी फेसाचं घरटं करते, डार्विनच्या बेडकात तर बाप पिल्लं गळ्याच्या पिशवीत सांभाळतो, आणि वाटतं ही सगळी सुटी सुटी नवलं आहेत. तसं नाहीये. कुठलीही जात घ्या आणि तीनच प्रश्न विचारा: अंडी कुठे घातली, टॅडपोल (अंड्यातून निघालेलं शेपटीवालं पिल्लू) कुठे वाढला, की ती पायरीच गाळली, आणि आईबापांपैकी कोणी थांबलं का. हदाद आणि प्राडो या संशोधकांनी 2005 मध्ये प्रजननाचे 39 प्रकार मांडले तेही मुख्यतः अशाच गोष्टींवरून.

सुरुवात अंड्यांपासून करा. किती आहेत, केवढी आहेत आणि रंग कोणता एवढं बघितलं तरी बरंच कळतं. केन टोड हा मोठा भेक पाण्यात जेलीच्या लांब माळांमधून एका वेळी 8,000 ते 30,000 अंडी सोडतो आणि निघून जातो. बारीक, काळसर, भरपूर अंडी म्हणजे बहुतेक उघड्या पाण्यातली, कारण तो गडद रंग उन्हापासून वाचवतो. मोठी, फिकट, मोजकी अंडी दिसली तर ती पानाखाली, बिळात, ओल्या मातीत अशी लपवलेली असण्याची शक्यता जास्त, पक्का नियम नाही पण सुरुवातीला उपयोगी पडतो.

मग विचारा की काही बेडकांनी अंड्यांसाठी पाण्याची जागा सोडलीच का? पाण्यात मासे आहेत, किडे आहेत, दुसऱ्यांचे टॅडपोल पण अंडी खातात, आणि कोमट साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी. बाहेर आलं की हे धोके टळतात पण अंडं सुकायची भीती सुरू होते आणि खाणारे तिथेही असतातच. मध्य अमेरिकेतला लाल डोळ्यांचा झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालतो, साप तोंड मारायला लागला की त्या हादऱ्याने आतली पिल्लं वेळेआधीच फुटून खाली पाण्यात पडतात, आणि पावसाच्या हादऱ्याने मात्र सहसा असं करत नाहीत!

टॅडपोलचा प्रश्न म्हणजे खरं तर अन्न कोण देणार हा प्रश्न. पोर्टो रिकोच्या कोकी बेडकात टॅडपोल बाहेर पोहतच नाही, अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो, त्यामुळे सगळा खुराक आधीच बलकात भरावा लागतो, म्हणून अंडी मोठी आणि थोडी.

आईबापांच्या बाबतीत माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पेरूमधल्या दोन विषारी बेडकांचं आहे. रॅनिटोमेया इमिटेटर आणि रॅनिटोमेया व्हेरिएबिलिस, दोन्ही झाडांच्या पानांत साचलेल्या पाण्यात टॅडपोल सोडतात, फरक एवढाच की इमिटेटरची डबकी फार छोटी, त्यात खायला जवळजवळ काही नाही. म्हणून बाप आवाज देऊन आईला बोलावतो आणि ती न फळलेली अंडी पिल्लाला खायला घालते, जोडी टिकून राहते. व्हेरिएबिलिसला मोठी डबकी मिळतात, तिथे बापच काय ती काळजी घेतो. 2010 मध्ये हे संशोधन आलं तेव्हा जोडीने राहण्यामागे डबक्याचा आकार आहे हे इतकं स्वच्छ दिसलं की मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

तीन उत्तरं मिळाली तरी लगेच निष्कर्ष काढू नका, वंशवृक्ष उघडा, म्हणजे कुठली जात कुठल्या पूर्वजापासून आली ते दाखवणारा आराखडा. बरेच लोक मनात एक जिना धरून चालतात, आधी पाण्यात, मग काठावर, मग पानावर, मग थेट बेडूक. गोमेझ-मेस्त्रे, पायरन आणि वीन्स या संशोधकांनी 2012 मध्ये शेकडो जाती तपासल्या तर थेट विकास (कोकीसारखा अंड्यातून सरळ बेडूक निघणं) कितीतरी वेळा पाण्यात अंडी घालणाऱ्या पूर्वजांपासूनच आलेला दिसला, मधल्या पायऱ्या न घेता. आणि सारखं दिसतं म्हणून नातं असेलच असंही नाही. फेसाचं घरटं आशियातल्या झाडबेडकांत आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या काही बेडकांत पण, पण पहिल्यांत फेस मागच्या पायांनी घुसळतात आणि दुसऱ्यांत मादी पुढच्या पायांनी, म्हणजे दोन्हीकडे ही युक्ती वेगळी सुचलेली. त्यामुळे कृती कशी होते तेही टिपून ठेवा, नुसता शेवटचा फेस बघून काम भागत नाही.

स्वतः निरीक्षण करणार असाल तर लांबून फोटो काढा, जागा, पाण्यापासूनचं अंतर आणि अंड्यांजवळ कोण बसलंय ते लिहा. अंडी हलवू नका आणि राखण करणाऱ्याला उठवू नका, कारण अनेक जातींत तो गेला की अंडी सुकतात किंवा त्यांना बुरशी लागते.