खड्ड्यामुळे गाडीचं नुकसान झालं? भरपाई मागताना या चुका टाळा

पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आदळतं. रिम वाकते, टायरच्या कडेला फुगा येतो, कधी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटून तेल रस्त्यावर सांडतं. गॅरेजचं बिल हातात पडलं की माणूस चिडतो, चार लोकांना सांगतो आणि पैसे भरून मोकळा होतो. रस्ता नीट ठेवणं हे संबंधित यंत्रणेचं कायदेशीर कर्तव्य आहे. सुस्थितीतला रस्ता मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे भरपाई मागण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही. पण हक्क असला तरी दावा आपोआप उभा राहत नाही. पुरावा हाती नसतो, अर्ज भलत्याच कार्यालयात जातो किंवा मुदत टळून जाते. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या रस्त्यांना धरून आहे.

गाडी तशीच पुढे दामटू नका

आदळल्यावर गाडी चालू राहिली म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून लोक घरापर्यंत येतात. चेंबरला तडा गेला असेल तर तेल संपतं आणि तेलाविना इंजिन जाम होतं. काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. विम्याच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यातून वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी गाडीमालकाची. उद्या महापालिकेविरुद्ध दावा लावलात, तर समोरचा वकीलही हाच मुद्दा काढेल: खड्ड्यामुळे चेंबर फुटलं, पण इंजिन तुम्ही घालवलंत.

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, खाली वाकून तेल ठिबकतंय का बघा, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. टोइंगची पावती जपून ठेवा, तो खर्चही भरपाईत मागता येतो.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा

सगळ्यात जास्त दावे इथे कमकुवत होतात. तक्रार झाली की खड्डा बुजवला जातो, आणि तो बुजवला जावा हीच आपलीही इच्छा असते. पण दुसऱ्या दिवशी तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले, की तुमच्याकडे दाखवायला फक्त वाकलेली रिम उरते.

नुसत्या खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो फारसा उपयोगी नसतो, कारण तो कुठल्याही रस्त्यावरचा असू शकतो. एक फोटो असा हवा की त्यात खड्डा आणि मागची दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा किलोमीटरचा दगड एकत्र दिसेल. दुसरा खोली दाखवणारा: खड्ड्यात काठी किंवा मोजपट्टी उभी धरून. पाणी भरलेलं असेल तर काठी कुठपर्यंत भिजली ते दाखवा. तिसरा खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या गाडीचा, ज्यात नंबर प्लेट आणि खराब झालेलं चाक दोन्ही येतील. आजूबाजूला सूचनाफलक, बॅरिकेड किंवा दिवा नसेल तर तेही टिपा. धोक्याची सूचना दिली नव्हती हा निष्काळजीपणाचा मोठा पुरावा आहे. आणि हे सगळं वाहतुकीच्या मधोमध उभं राहून करू नका. सोबत कुणी असेल तर त्याला गाड्यांवर लक्ष ठेवायला सांगा.

डॅशकॅम असेल तर मूळ फाइल कार्डावरून लगेच वेगळी काढा, नाहीतर नव्या चित्रीकरणाखाली ती पुसली जाते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो हा मूळ पुरावा म्हणून ठेवू नका. त्यात तारीख, वेळ, ठिकाण ही आतली माहिती निघून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून ज्या फोनवर चित्रीकरण केलं तो फोन आणि मूळ फाइल प्रकरण संपेपर्यंत सांभाळा.

नुकसान मोठं असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन नोंद करून घ्या. गुन्हा दाखल झाला नाही तरी स्टेशन डायरीतली नोंद वेळ आणि ठिकाण पक्कं करते.

गॅरेजमध्येही एक चूक हमखास होते. ‘सस्पेन्शन काम, एकूण इतके’ अशा एका ओळीच्या बिलाने काही सिद्ध होत नाही. प्रत्येक सुटा भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारं जीएसटी बिल घ्या. मेकॅनिककडून दोन ओळी लिहून घ्या की हे नुकसान जोराच्या धक्क्याने झालेलं आहे, झिजेमुळे नाही. चाकांच्या अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील रिपोर्ट मागा. बदललेला लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा भाग), फुटलेला टायर, वाकलेली रिम परत घेऊन घरी ठेवा. ‘गाडी जुनीच होती’ या उत्तराला तो जुना भागच सगळ्यात चांगलं प्रत्युत्तर असतो, आणि वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी त्याला जोड देतात.

रस्ता कुणाचा हे न बघता अर्ज करू नका

शहरातला रस्ता म्हणजे महापालिकेचा, हा समज पुष्कळदा खोटा ठरतो. शहरातून राष्ट्रीय महामार्ग जातो, एखादा रस्ता एमआयडीसीचा असतो, छावणीच्या हद्दीत छावणी मंडळाचा. मेट्रोचं काम चालू असेल तर तो पट्टा देखभालीसाठी दुसऱ्याच यंत्रणेकडे असू शकतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाकडे.

शहराबाहेर असाल तर किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राजमार्गयात्रा ॲपवर फोटोसह तक्रार करा. दोन्हींचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

शंका असेल तर दोन-तीन यंत्रणांना एकाच मजकुराची नोटीस पाठवणं शहाणपणाचं. चुकीच्या कार्यालयाच्या उत्तराची वाट बघत चार महिने घालवले, तर ते परत मिळत नाहीत.

ऐकीव कायद्यावर विसंबू नका

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून गाडीच्या नुकसानीचे अर्जही याच आदेशाचा दाखला देऊन लिहिले, तर ते अडतील. ती रक्कम आणि ती ठरवणाऱ्या समित्या मृत्यू आणि दुखापतीसाठी आहेत. तुम्हाला किंवा सोबतच्या कुणाला इजा झाली असेल तर तो मार्ग जरूर धरा, वैद्यकीय कागद जोडा. फक्त गाडीचं नुकसान असेल तर तो आदेश यंत्रणेचं कर्तव्य दाखवण्यापुरता वापरा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चं तसंच. रस्त्याच्या सदोष बांधकाम-देखभालीबद्दल यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड त्यात आहे, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल तरच, आणि तो दंडही थेट पीडिताच्या हातात येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मुख्यतः दुसऱ्या वाहनाच्या मालकाविरुद्ध आणि विमा कंपनीविरुद्धच्या दाव्यांसाठी आहे. आपल्याच गाडीचं खड्ड्याने केलेलं नुकसान घेऊन तिथे जाण्यात वेळ जातो.

मग जायचं कुठे? नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात, किंवा टोल भरला असेल तर ग्राहक आयोगात.

सहा महिन्यांची मुदत: इथे चुकलात तर सगळंच गेलं

दिवाणी दाव्यांना तीन वर्षं मिळतात, एवढं ऐकून लोक निवांत राहतात. महापालिकेविरुद्ध ते गृहीत धरू नका. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ५२७ आणि इतर शहरांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ सांगतं की कर्तव्यातल्या हयगयीबद्दल दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची, ती दिल्यावर एक महिना थांबायचं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात कलम ३०४ मध्ये अशीच तरतूद आहे.

याचा हिशेब असा. जुलैत गाडी आदळली, गणपती-दिवाळी होईपर्यंत तोंडी पाठपुरावा चालला, वॉर्ड ऑफिसातला माणूस ‘साहेबांशी बोलतो’ म्हणत राहिला, तर डिसेंबर उजाडेपर्यंत नोटीस देऊन महिनाभर थांबायलाही जेमतेम वेळ उरतो. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. ॲपवरची तक्रार, ट्विटरवरचा फोटो, आयुक्तांना टॅग करणं हे सगळं करा, त्याने खड्डा बुजेल आणि दुसऱ्या कुणाचा जीव वाचेल. पण कायद्यातली नोटीस ती नव्हे.

नोटिशीत तुमचं नाव, राहण्याचा पत्ता, वकील असतील तर त्यांचं नाव, घटनेची तारीख, वेळ, नेमकं ठिकाण, काय नुकसान झालं, किती रक्कम मागता हे सगळं हवं. ती मुख्य कार्यालयात द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्टाने एक प्रत पाठवा. घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस गेली तर पुढे श्वास घ्यायला जागा राहते.

सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या थेट सरकारी खात्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. तिथेही तीन वर्षं गृहीत न धरता मुदत एका वर्षाचीच आहे असं धरून चाला. मुदतीवरचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

टोल भरला असेल तर पावती फेकू नका

टोल म्हणजे सेवेचं शुल्क. ते भरणारा ग्राहक ठरतो हे ग्राहक आयोगांनी वेळोवेळी मान्य केलं आहे. नुसता मालमत्ता कर किंवा रोड टॅक्स भरल्याने मात्र महापालिकेचा ग्राहक होता येत नाही, म्हणून गल्लीतल्या खड्ड्याची तक्रार आयोगात टिकणं अवघड.

टोल रस्त्यावरच्या नुकसानीसाठी हा मार्ग मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही भरलेला मोबदला, म्हणजे टोल, ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागत नाही. टोल भरल्याचा पुरावा म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करा. त्यात नाका, तारीख, वेळ तिन्ही असतात. तक्रारीत ठेकेदार कंपनी आणि महामार्ग प्राधिकरण किंवा महामंडळ, दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

विम्याचा दावा करण्याआधी आकडेमोड करा

थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तरी फक्त टायर फुटला असेल तर सहसा मिळत नाही. गाडीचं इतर नुकसानही झालं असेल तरच टायरचे ५० टक्के मिळतात. त्यात स्वतः सोसायची सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये, शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत जाते, जी सलग पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. छोट्या बिलासाठी हा बोनस घालवू नका. मोठं नुकसान असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका.

विम्याने दिलेली रक्कम पुन्हा यंत्रणेकडून मागणं ही चूकच. वजावट, घसारा (भाग जुना म्हणून विमा कंपनीने कापलेली रक्कम), टोइंग असं जे तुमच्या खिशातून गेलं तेवढंच मागा आणि विम्याचे किती मिळाले ते स्वतःहून लिहा. लपवलेलं उघड झालं की खऱ्या मागणीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

ठरावीक उत्तरं आली तर

‘अतिवृष्टीमुळे खड्डा पडला.’ इथे माहिती अधिकार उपयोगी पडतो. दहा रुपयांच्या शुल्कात विचारा: या ठिकाणाबद्दल मागच्या सहा महिन्यांत किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केलं, रस्त्याचं काम कुणी केलं, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो. खड्डा यंत्रणेला आधीपासून माहीत होता हे दाखवता आलं, तर पावसाची सबब टिकत नाही. राज्यातल्या अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न थोडके आणि नेमके ठेवा. उत्तराला तीस दिवस लागतात, तेव्हा अर्ज नोटिशीबरोबरच टाका.

‘ठेकेदाराची जबाबदारी आहे.’ असेल, पण रस्ता यंत्रणेचाच आहे. ठेकेदाराचं नाव लेखी मागा आणि त्यालाही नोटीस पाठवा.

‘तुमचा वेग जास्त होता.’ डॅशकॅमवर वेगाची नोंद असेल तर ती द्या. वेग खरंच थोडा जास्त असेल तर खोटं लिहू नका. चूक दोघांची असली तरी भरपाई कमी होते, सगळीच जातेच असं नाही.

नुकसान खड्ड्याऐवजी गतिरोधकामुळे झालं असेल तर मोजपट्टी लावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, त्यावर पट्टे आणि आधी फलक असावा. गाडीचं पोट घासणारे बरेचसे उंचवटे या मापात बसत नाहीत, आणि मोजपट्टीसह काढलेला फोटो तिथे बरंच काम करतो.

कधी कधी सुनावणीआधीच थोडी रक्कम देऊ केली जाते. घ्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण सही करण्याआधी कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का ते वाचा. ते असतील तर उरलेली रक्कम नंतर मागता येणार नाही.